मीठ न घातलेला भात आणि भाच्याचा धर्माचा कायदा

सदर : वकीलताईंना विचारा

प्रश्न : ताई नमस्कार. आमचा भाचा, म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा, पुण्याला शिकतो. चवथीला घरी आला आणि गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधता बांधता सुरू झाला, की प्रत्येक देशाचे कायदे त्याच्या धर्मावर बेतलेले असले पाहिजेत, त्याशिवाय देशाला ओळखच येत नाही, आणि आपण गोव्यात अजून पोर्तुगीजांचा म्हणजे ख्रिश्चनांचाच कायदा पाळतोय. आमचे हे म्हणाले, गोव्यात सगळ्यांना एकच कायदा आहे, त्यात धर्म मुळीच नाही, शहाणपणा शिकवू नकोस. इतकं वाजलं दोघांचं की नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तशाच राहिल्या. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. नक्की खरं काय?
एक मामी, फोंडा

उत्तर : मामी, खरं सांगू का, दोघांचंही अर्धं अर्धं चुकलंय, त्यामुळे तुम्हाला दोघांचं थोडं थोडं पटतं यात काही नवल नाही.

आधी भाच्याचं. ज्याला आपण गोव्याचा कॉमन सिव्हिल कोड म्हणतो, म्हणजे लग्न, घटस्फोट, वारसा यांचा सगळ्यांना सारखा कायदा, तो म्हणजे १८६७ ची पोर्तुगीज सिव्हिल कोड, इथे लागू झाली १८७० ला. ती पोर्तुगीजांची आहे म्हणून ख्रिश्चनांची, हे गणित काही बरोबर नाही. १९१० ला पोर्तुगालमध्ये राजा गेला, रिपब्लिक आलं, आणि त्या लोकांनी त्याच वर्षी घटस्फोटाचा कायदा आणला आणि लग्न हा कायद्यापुढे एक करार आहे असं ठरवून टाकलं. १९११ ला चर्च आणि सरकार वेगळं केलं. चर्चवाले किती चिडले असतील विचार करा! आणि त्याचा सगळ्यात जास्त फायदा कोणाला झाला, तर गोव्यातल्या हिंदूंना, कारण तोपर्यंत कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म होता आणि आपण त्याच्या बाहेरचे. म्हणजे भाच्याला जो कायदा ख्रिश्चनांचा वाटतो त्याच्यातला बराच भाग धर्माला बाजूला सारूनच आलेला आहे.

आता तुमच्या ह्यांचं. धर्म मुळीच नाही असंही नाही हो. १८८० चं एक डिक्री, म्हणजे सरकारी हुकूम, आहे, गोव्यातल्या हिंदूंच्या रूढींना मान्यता देणारं, त्यात लिहिलंय की बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल झालं नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर काही अटींवर नवऱ्याला दुसरं लग्न करता येईल. आज ते कोणी वापरत नाही पण शिकत असताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वही मिटूनच ठेवली होती. आणि १९४६ च्या डिक्रीने चर्चमधल्या लग्नाला कायद्यात वेगळी जागा दिली. तेव्हा सगळ्यांना अगदी एकच असं नाही, बरंचसं एक, आणि कोपऱ्याकोपऱ्यात रूढी आणि धर्म बसलेला. १९६१ ला गोवा मुक्त झाला, पुढच्या वर्षी संसदेने कायदा केला की जुने कायदे बदलेपर्यंत चालू राहतील, तसे ते चालू राहिले. वारसाहक्काचा भाग तर आपल्या विधानसभेने २०१२ ला नव्याने लिहिला.

एवढं झाल्यावर मुद्द्याचं. धर्माने देशाचा कायदा ठरवावा का? मला विचाराल तर नको, आणि मी हे पुस्तकातून नाही, गोव्यातून शिकले. आपल्याकडे हा प्रयोग होऊन गेलाय ना! इन्क्विझिशन, म्हणजे धर्म नीट पाळतात की नाही हे तपासणारं चर्चचं न्यायालय, इथे १५६० ला बसलं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत होतं. मंगेशीचा देव कुठ्ठाळीहून प्रियोळला का आला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला का, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला का, तर तिकडे देवळं पाडली जात होती, हे तुम्हा फोंड्याच्या लोकांना मी काय सांगणार. पण लोकांच्या लक्षात एक गोष्ट येत नाही. १७३६ ला इन्क्विझिशनने एक फर्मान काढलं, त्यात बंदी कशाकशावर, तर अंगणात तुळस, लग्नात विडे आणि फुलं वाटणं, पुरुषांनी धोतर, बायकांनी चोळी, आणि हिंदूंसारखा मीठ न घालता भात शिजवणं! आणि हे फर्मान कोणासाठी होतं, तर इथल्या ख्रिश्चनांसाठी. जे त्यांच्या धर्मात गेले होते त्यांच्याच चुलीपर्यंत हा कायदा पोचला, की बाई तुझा भात अळणी का. दुसऱ्या धर्मावाल्याला हाकलून देता येतं, त्याची देवळं पाडता येतात, पण नीट धर्म पाळतोस की नाही हे रोज कोणाला विचारणार, आपल्यातल्यालाच ना.

आणि हे फक्त जुन्या काळातलं नाही. आयर्लंडने १९३७ च्या घटनेत घटस्फोटावर बंदी घातली, ती त्यांच्याच कॅथलिक नवराबायकोंना भोवली, १९८६ च्या सार्वमतात उठली नाही, १९९५ ला उठली तीही जेमतेम नऊ हजार मतांनी. इस्रायलमध्ये आजही देशात सिव्हिल लग्न होत नाही, म्हणून ज्यांना रब्बीकडे, म्हणजे ज्यू धर्मगुरूकडे, जायचं नाही किंवा रब्बीच ज्यांचं लग्न लावत नाही ती ज्यू पोरं विमानाने सायप्रसला जाऊन लग्न करून येतात. ही अडवणूक त्यांच्याच देशात, त्यांच्याच धर्माच्या नावाने.

आता भाच्याला माझ्याकडून एक प्रश्न विचारा. धर्मशास्त्रावर कायदा करायचा म्हणतोस, कुठल्या? हिंदूंच्याच जुन्या कायद्याच्या दोन परंपरा घे, वाटणीत मिताक्षरा वेगळं सांगते आणि बंगालातली दायभाग वेगळं. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे बऱ्याच घरांत चालतं, उत्तरेत ऐकलं तरी कानावर हात ठेवतील. (तुम्हाला मुलगी असेल तर हा प्रश्न जरा जपून विचारा.) दिल्लीत बसून कोणीतरी एक शास्त्र निवडणार आणि बाकी सगळे हिंदू एका रात्रीत चुकीचे हिंदू होणार. हिंदूंचे लग्न-वारशाचे कायदे एकत्र करून सुधारणाऱ्या हिंदू कोड बिलाच्या वेळी काय झालं ते आठवा, हिंदू बाईला घटस्फोट आणि वाटा द्यायचा की नाही यावरून हिंदूच हिंदूंशी भांडले, बिल रखडलं आणि १९५१ ला आंबेडकरांनी मंत्रिपद सोडलं. पुढे १९५५-५६ ला ते तुकड्यातुकड्यांनी आलंच, पण मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळायला २००५ उजाडलं. गोव्यात मुलीचा सारखा वाटा १८७० पासून कागदावर आहे. कागदावर म्हणतेय कारण भावासाठी हक्कसोडीवर मुकाट्याने सह्या करणाऱ्या बहिणी मी टेबलासमोर खूप बघितल्यात, पण कागद होता म्हणून त्यांची सही तरी मागायला यावं लागलं.

राहिली देशाची ओळख. १९४९ च्या ऑक्टोबरमध्ये घटना समितीत एच. व्ही. कामत यांनी दुरुस्ती मांडली की प्रास्ताविकेची सुरुवात देवाच्या नावाने करू. मतदान झालं, बाजूने ४१, विरोधात ६८. विरोध करणाऱ्यांत देव न मानणारेच होते असं नाही, काहींचं म्हणणं हेच की देवाला मतदानाला कशाला बसवता. मला तर हा किस्सा फार आवडतो. म्हणजे सेक्युलर हा शब्द प्रास्ताविकेत १९७६ ला आला हे खरं, पण हा प्रश्न काही तेव्हा पहिल्यांदा निघाला नव्हता.

आणि भाच्याचा एक मुद्दा मी खोडणार नाही. धर्मातून आलेली प्रत्येक गोष्ट कायद्याबाहेर टाका असं कोणी म्हणत नाही. चवथीची सुट्टी सरकारी आहे, नाताळची पण आहे, देवस्थानांचा कारभार आजही मामलेदाराच्या देखरेखीखाली चालतो. माझा आक्षेप एवढाच, की जो कायदा विधानसभेत उघडून बदलता येतो तो चुकला तरी चालेल, उद्या दुरुस्त होईल, पण देवाचा म्हणून आणलेला कायदा बदला म्हणायची सोय नसते, म्हणणाराच पापी ठरतो. पुढच्या चवथीला त्याला आधी नेवऱ्या वाढा आणि मग हे वाचायला द्या.

प्रश्न : मी मुसलमान आहे, वाळपईजवळ राहते. वडील वारले, भाऊ म्हणतो आपल्यात शरियतप्रमाणे बहिणीला भावाच्या निम्मा वाटा. खरं का?

उत्तर : गोव्यात नाही. १९३७ चा शरियत कायदा गोव्याला लागूच केलेला नाही, तुमच्या घरालाही गोव्यातल्या सगळ्यांचाच कायदा, आणि त्यात मुलगा मुलगी सारखे. शिवाय वडिलांच्या मालमत्तेतला अर्धा आधी आईचा, कारण लग्नाच्या वेळी वेगळा करार नसेल तर नवराबायकोचं सगळं निम्मं निम्मं असतं, आणि उरलेल्या अर्ध्यात तुम्ही भावंडं. भावाशी भांडू नका, त्याला बहुतेक खरंच माहीत नसेल. वडिलांचा मृत्यूदाखला, आईवडिलांच्या लग्नाची नोंद, तुमचे जन्मदाखले आणि जमिनीचा एक-चौदाचा उतारा घ्या, आणि इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचा दावा, घालणाऱ्या वकिलाकडे जा. तोपर्यंत कसल्याही कोऱ्या कागदावर सही करू नका.

प्रश्न : देवळात लग्न लागलं, फोटो आहेत, भटजी साक्षीला तयार आहेत. सिव्हिलची सही राहिली. चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा जायचं असतं, आधी इराद्याची सही आणि मग मधले दिवस गेल्यावर दुसरी. फोटो आल्बमात ठेवा आणि दोघं सोमवारीच जा.