पाहुणा दुसऱ्यांदा यायला हवा

ग्लायडिंग क्लबात पाहुण्याला पहिलं उड्डाण, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानातली फेरी, गळी उतरवणं सोपं. पाहुणा पुन्हा फिरकत नाही तो बहुधा धावपट्टीच्या कडेला तासन्‌तास ताटकळल्यामुळे. म्हणून एका दिवशी चार-पाचच जण बोलवा, तेही वेळ ठरवून. वजन फोनवरच विचारा. पुढच्या सीटची किमान-कमाल मर्यादा कॉकपिटमधल्या पाटीवर असते, आणि पॅराशूटचं वजनही हिशेबात धरावं लागतं. ऐनवेळी चारचौघांत नकार मिळाला की माणूस गेलाच.

विंचने, म्हणजे जमिनीवरून दोराने ग्लायडर ओढून वर चढवणाऱ्या यंत्राने, साधारण ३०० ते ४०० मीटर उंची मिळते. थर्मल (वर चढणारी गरम हवा) नसेल तर पाच-सहा मिनिटांत खाली. हे आधीच सांगा, नाहीतर ‘एवढंच?’ होतं. भर दुपारच्या थर्मलमध्ये गरागरा फिरवलं की पोट ढवळतं (हौशी वैमानिकांना हा मोह आवरत नाही!). त्यापेक्षा सरळ उड्डाणात प्रशिक्षकाने स्टिक (विमान वळवायचा दांडा) पाहुण्याच्या हाती द्यावी. कॅनॉपीवरचा (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावरचा) लोकरीचा दोरा तिरका झाला की पायाने रडरचं (शेपटीवरच्या सुकाणूचं) पेडल दाबून तो मधोमध कसा येतो, तेही दाखवावं.

उतरल्यावर वर्षाचा एकूण खर्च स्पष्ट सांगा. पुढची तारीख आणि त्या दिवशी भेटणाऱ्या सदस्याचं नाव मात्र पाहुणा निघायच्या आधीच ठरवा.