पाळीच्या पायथ्याकडे लक्ष ठेवा

इंदूरजवळच्या सांवेरकडच्या शेताबरोबर तलावाचा जुना मातीचा बांध, म्हणजे पाळही तुमच्याकडे आलीय, तर तलाव भरला की रोज पाळीवरून नाही, पाळीच्या बाहेरच्या पायथ्यावरून चाला. ओल दिसली म्हणून घाबरू नका, मातीची पाळ थोडी पाझरतेच. पाझर काचेच्या ग्लासात धरून उजेडात बघा. निवळ असेल तर रोज बघत राहा. गढूळ असेल, तळाशी गाळ बसत असेल, तर बांध आतून पोखरला जातोय. मग क्षणभरही थांबू नका, आधी खालच्या वस्तीला आणि तहसीलला कळवा. भोकावर चिकणमाती थापू नका, पाणी दुसरी वाट काढतं. वाळू, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी खडी टाका, म्हणजे पाणी निघतं आणि माती अडते. 2022च्या ऑगस्टमध्ये धार जिल्ह्यातल्या कारम धरणाला गळती लागली, तेव्हा गावंच्या गावं हलवावी लागली होती.

माळव्याची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी फाटते. माथ्यावरच्या भेगा पावसाआधी उकरून, ओलसर माती थराथराने ठोकून बुजवा. पाळीवर बाभळी वाढू देऊ नका. मोठं झाड असेल तर मात्र इंजिनियरला विचारल्याशिवाय मुळं उपटू नका. गवत आखूड ठेवा, घुशींची बिळं लगेच दिसतात.

आणि सांडवा, म्हणजे तलावातलं जादा पाणी बाहेर जायची वाट! मासे जाऊ नयेत म्हणून लोक त्यात जाळी लावतात, तिच्यात काडीकचरा अडकतो आणि पाणी पाळीवरून उसळतं. तुमच्याकडे तशी जाळी असेल तर आजच काढा.