मागून ओल दिसली म्हणून तलाव फोडू नका, आधी बादली घ्या

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात दोन प्रश्न आहेत. गावच्या तलावाची पाळ 1972 च्या दुष्काळी कामातली, 11 मीटर उंच, साडेतीनशे मीटर लांब, साठा सव्वापाच लाख घनमीटर. ती मागच्या अंगाने ओली झाली आहे, पायथ्याशी पाणी वाहतंय, तर फुटेल का? हा एक. दुसरा असा की प्रादेशिक योजनेचं, म्हणजे बऱ्याच गावांना मिळून दुरून आणलेलं, पाणी नळाला येऊ घातलंय, मग हा म्हातारा तलाव ठेवायचा कशाला? त्यात ग्रामसभेतल्या काही मंडळींचा हट्ट, की जेसीबी लावा, सांडवा (जादा पाणी बाहेर जायची वाट) फोडा आन् मोकळे व्हा.

मी एकतीस वर्षं यवतमाळ-वाशिमकडे लघु सिंचनाच्या कामावर होतो, शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. पाळीवर पाय न ठेवता निकाल देणार नाही. पण तो जेसीबी आधी थांबवा.

मातीची पाळ झिरपतेच. आपली पाळ थेंबभर झिरपत नाही असं सांगणारा एक तर नवखा असतो, नाहीतर ठेकेदार. पोटात काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम आणि मागच्या पायथ्याशी दगडांचा बांध, त्याला आम्ही रॉक टो म्हणतो. पाझरून आलेलं पाणी माती मागेच ठेवून तिथून निघून जावं, यासाठी तो असतो. त्या दगडांतून नितळ पाणी येत असेल तर पाळ आपलं काम करते आहे. पाहायचं ते एवढंच, की पाणी कुठून येतंय, वाढतंय का आणि सोबत काय घेऊन येतंय.

त्यासाठी एक पंधरा लिटरची बादली, मोबाईलचं घड्याळ आणि काचेचा ग्लास पुरतो. पाणी एका जागी वळवून बादली किती सेकंदात भरते ते मोजा. तीस सेकंदात भरली तर सेकंदाला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला 43,200 लिटर. आकडा ऐकून घाबरू नका. रोज त्याच वेळी मोजा आणि शेजारी लिहा, की तलावाची पातळी सांडव्यापासून किती खाली आहे. पातळीबरोबर झिरपा वाढला आणि पातळी उतरल्यावर कमी झाला, तर गावाने निवांत झोपावं. पातळी तेवढीच आणि बादली मात्र रोज लवकर भरतेय, किंवा ग्लासच्या तळाशी माती बसतेय, तर पाळीच्या पोटातून माती जाते आहे. हे पोखरणं मागच्या तोंडापासून सुरू होऊन आत पाण्याकडे सरकतं, म्हणून वरून पाहणाऱ्याला शेवटपर्यंत काही दिसत नाही.

जागाही पाहा. पायथ्यापेक्षा पाळीच्या अर्ध्या उंचीवरची ओल जास्त वाईट. त्याहून वाईट म्हणजे विमोचकाच्या, म्हणजे तलावातलं पाणी खाली सोडायच्या दाराच्या, पाइपाला लागून येणारं पाणी, कारण पाइपाभोवती माती नीट धुम्मस करता, म्हणजे ठोकून घट्ट बसवता येत नाही.

नव्वदच्या दशकात एका तलावावर तान्ह्या पोळ्याच्या दिवशी निरोप आला. पोरं नंदीबैल घेऊन देवळापाशी जमलेली आणि चौकीदार सायकलवर धापा टाकत, ‘साहेब, पाणी चहावानी येऊन रायलं.’ जाऊन पाहिलं तर एका शेतकऱ्याने उन्हाळ्यात मोटारीचा तीन इंची पाइप नेण्यासाठी पाळीला आडवा चर खणला होता आणि वरून सैल माती लोटून दिली होती. दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. उन्हाळाभर त्या पाळीवर आमच्यातलं कोणी फिरकलंच नव्हतं. लोक गोणपाट आणि चिखल कोंबून भोक बुजवायला निघालेले. तेच करायचं नसतं. तोंड बुजवलं की पाणी आतल्या आत दुसरी वाट काढतं. आम्ही तिथे आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक गिट्टी, मग मोठी गिट्टी आणि वर दगड असा थर रचला. पाणी येऊ दिलं, माती अडवली. रात्री अकराच्या सुमारास पाणी नितळलं. त्या रात्री पाळीवरच बसलो होतो, पुरणपोळी कोणीतरी तिथेच आणून दिली.

तुमच्या ओलीपेक्षा मला काळजी वाटते ती सांडव्याची, आणि त्याबद्दल तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही. मातीच्या पाळीवरून एकदा पाणी गेलं की उरतात ते काही तास, कधी तेवढेही नाही. सांडवा मोकळा असणं हाच त्यावरचा उपाय. आपल्याकडे होतं काय? मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लागतात, त्यात पूर आला की पऱ्हाट्या आणि बेशरमाच्या झुडपांच्या फांद्या अडकतात. कोणी फूट-दीड फूट पाणी जास्त मिळावं म्हणून वाळूची पोती रचतं आणि सारा गाव त्याला हुशार म्हणतो. हिशोब करा. पुरात सांडव्यावरून मीटरभर जाडीचं पाणी जाईल असं धरलेलं असतं. त्यात अर्धा मीटर पोती ठेवली, तर तेवढ्याच पूरपातळीला सांडव्याची क्षमता निम्मी होत नाही, जेमतेम एक तृतीयांश उरते. उरलेलं पाणी जाणार कुठे? पाळीवर.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली आणि लोकांच्या लक्षात राहिले ते खेकडे, कारण तेव्हाच्या मंत्र्यांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं. खेकडे, घुशी, साळिंदर पाळ पोखरतात हे खरंच. पण बीळ एका रात्रीत पडत नाही, आणि गळतीच्या तक्रारी गावकरी आधीपासून करत होते. आपल्या नागपूरचं पाहा. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव फुटला नाही, नुसता ओसंडला, तरी नाग नदीच्या काठची घरं पाण्यात गेली. म्हणून सांडव्याखालचा नाला कोणी बुजवून वखरला असेल, तर तेही लिहून ठेवा.

आता ‘सांडवा फोडा’ याविषयी. सांडवा सहसा पाळीच्या टोकाला, मुरमात किंवा कच्च्या खडकात खणलेला असतो आणि त्याच्या तोंडाशी दगडी बांध असतो. तो बांध काढला की वाहतं पाणी खालचा मुरूम कापत जातं आणि कापता कापता पाळीच्या बगलेत शिरतं. दुसरं, तलाव झपाट्याने उतरवला तर पाळीची आतली बाजू भिजलेली राहते, समोरचा पाण्याचा टेका मात्र जातो, आणि ती भिजलेली माती वरच्या दगडी पिचिंगसकट, म्हणजे आतून लावलेल्या दगडांसकट, खाली बसते. रिकामं करायचंच ठरलं तर विमोचकातून, दिवसाला फूटभराच्या आत.

आता तलाव कशाला हवा ते. तुम्हीच लिहिलंय, की गावच्या सध्याच्या नळयोजनेची उद्भव विहीर, म्हणजे पाणी उपसायची विहीर, तलावाखाली दोनशे मीटरवर नाल्याच्या काठाला आहे आणि मे महिन्यातही आटत नाही. भाऊ, ती विहीर तुमची ओलच पिते आहे. खालच्या कच्च्या खडकातून जे झिरपतं तेच तिच्यात येतं, आणि वाटेत गाळूनही निघतं. गावची वस्ती 1,800. जल जीवन मिशनच्या माणशी 55 लिटरने धरलं तर दिवसाला लाखभर लिटर झालं. मेमध्ये तलावाचा पसारा 6 हेक्टर उरला आणि उन्हाने रोज एक सेंटीमीटर जरी नेलं, तरी सहा लाख लिटर हवेत गेलं! सहा गावांचं पाणी सूर्य पितो, तुम्ही मात्र सेकंदाला अर्ध्या लिटरवर भांडता. जमिनीत मुरलेलं तेवढंच उन्हापासून वाचतं. प्रादेशिक योजना जरूर घ्या, पण दूरची पाइपलाइन फुटली किंवा वीजबिल थकलं, की हंडे याच विहिरीवर येतील.

आणखी एक. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो. 10 ते 15 मीटरमधलं असेल तर लांबी निदान 500 मीटर किंवा साठा निदान 10 लाख घनमीटर असावा लागतो. पूर फार मोठा किंवा पाया अवघड असेल तर तेही पाहतात. तुमच्या आकड्यांवरून तुमचा तलाव बहुधा त्यात बसत नाही. म्हणजे पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी करण्याचं जे बंधन त्या कायद्याने मालकावर घातलंय, त्याचा आधार तुम्हाला नाही. तेव्हा ग्रामपंचायतीच्या ठरावासह लेखी पत्र द्या. 100 हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव बहुतेक जिल्हा परिषदेकडे असतात, त्याहून मोठे मृद व जलसंधारण विभागाकडे, तुमचा कोणाकडे ते तलाठ्याकडे विचारा. पत्रासोबत पंधरा दिवसांच्या बादलीच्या नोंदी जोडा. नुसतं ‘गळती आहे’ म्हटलं की फाईल झोपते, आकडे असले की कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. पाणी गढूळ झालं तर मात्र पत्र नाही, सरळ 1077 वर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला फोन, आणि नाल्याकाठची घरं त्याच संध्याकाळी रिकामी.

झाडांचं थोडक्यात. मनगटाएवढी बाभूळ, पळस आत्ताच काढा. मोठा कडुनिंब नुसता तोडू नका, मुळं कुजली की तीच पाण्याची नळी होते. बुंधा काढून थराथराने माती धुम्मस करावी लागते, तेही उन्हाळ्यात, अभियंत्यासमोर. आणि गाळ काढायला मशीन आलं तर पाळीच्या बुडापासून लांब ठेवा. तिथला गाळ पाण्याला अडवून धरतो. आम्ही तीस-चाळीस मीटर सोडायचो.

पाळीचे फोटो पाठवले ते पाहिले. आता सांडव्याचे पाठवा, एक बांधावर उभं राहून नाल्याच्या दिशेने आणि एक खालून वर. विमोचकाच्या तोंडाशी पाणी कसं येतं तेही कळवा, मग पुढचं बोलू.