एमडीच्या थीसिसवरून मेडिकल जर्नलसाठी पेपर कसा तयार करावा?

तुम्ही लिहिलंय की थीसिस सबमिट झालाय, गाईड म्हणतात ‘थोडा छोटा करून पाठवून दे’, पण नेमकं काय काढायचं आणि काय ठेवायचं ते कळत नाही. मी मेडिसिन शिकवतो, आणि पीजींचे मसुदे वर्षभर माझ्या टेबलावर असतात. थीसिस छोटा करून पेपर होत नाही. तो मिटून बाजूला ठेवा, मास्टर चार्ट (सगळ्या रुग्णांच्या माहितीचा तक्ता) उघडा आणि त्यातून एकच प्रश्न निवडा.

थीसिसमध्ये आपण सगळं घालतो, कारण परीक्षकाला आपला अभ्यास दिसायला हवा असतो. जर्नलच्या वाचकाला फक्त तुम्हाला काय सापडलं ते हवं असतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा २०११ सालचा बीएमजे या नामांकित ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला पेपर मिळवून वाचा. विंचूदंशाचे ७० रुग्ण आणि प्रश्न एक: नुसत्या प्राझोसिन या औषधापेक्षा प्राझोसिनबरोबर अँटिव्हेनम (विषावरचा उतारा) दिलं तर रुग्ण लवकर बरा होतो का? मोजायचं काय आणि किती तासांनी, हे आधीच ठरलेलं. तालुक्याच्या गावातलं काम तिथवर पोचलं, त्यात या नेमकेपणाचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. ‘क्लिनिकल प्रोफाइल ऑफ अमुक इन अ टर्शरी केअर हॉस्पिटल’ या शीर्षकात प्रश्नच नसतो.

प्रश्न ठरला की आधी टेबलं करा, मजकूर नंतर. तीन-चार टेबलं पुष्कळ झाली. इथे घाई करू नका, कारण रिव्ह्यूअर, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणारा तज्ज्ञ, आधी तिथेच बोट ठेवतो. मजकुरात ९६ रुग्ण आणि दुसऱ्या टेबलात ९४, असं असेल तर उरलेल्या दोघांचं काय झालं ते पेपरात आलं पाहिजे. क्रिएटिनिनचा रिपोर्ट मिळाला नव्हता? मग तसं सरळ लिहा, त्यात कमीपणा नाही. ‘१८ पैकी ६ (३३.३३ टक्के)’ असं लिहू नका, अठराच रुग्ण असताना दशांशाला काही अर्थ नाही, ३३ टक्के पुरे. ‘पी ०.०५ पेक्षा कमी’ याऐवजी पीचा (संख्याशास्त्रीय चाचणीतून येणाऱ्या पी-व्हॅल्यूचा) नेमका आकडा द्या आणि सोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या टप्प्यात असण्याची शक्यता आहे तो टप्पा, द्या.

मग मेथड्स, रिझल्ट्स, डिस्कशन, आणि इंट्रोडक्शन शेवटी. अ‍ॅबस्ट्रॅक्ट त्याच्याही नंतर. तुमचा अभ्यास ऑब्झर्वेशनल (उपचार न बदलता नुसतं निरीक्षण केलेला) असेल तर अशा अभ्यासांत काय काय लिहायचं ते सांगणारी स्ट्रोबची २२ मुद्द्यांची चेकलिस्ट इक्वेटर नेटवर्कच्या साइटवर फुकट मिळते. ती मेथड्स लिहितानाच समोर ठेवा. एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा क्रमांक आणि तारीख द्या. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधीचं सीटीआरआय (भारताची क्लिनिकल ट्रायल नोंदवही) रजिस्ट्रेशन लागतं, आणि १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.

डिस्कशनची सुरुवात ‘मधुमेह ही जागतिक समस्या आहे’ अशी नको. पहिल्या वाक्यात तुमचा निष्कर्ष, मग इतरांशी तुलना, मग अभ्यासाच्या मर्यादा. रिव्ह्यू ऑफ लिटरेचरमधले परिच्छेद जसेच्या तसे उचलू नका, सिमिलॅरिटी तपासणीत सापडतात. संदर्भांसाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरा.

लेखकांच्या नावांचा विषय अवघड आहे, मला कल्पना आहे. विभागप्रमुखांचं नाव रीत म्हणून घालायची सवय आपल्याकडे आहे. पण आयसीएमजेई या मेडिकल जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या निकषांनुसार कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा सुधारण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि मजकुराची जबाबदारी या चारही गोष्टी लागतात. बाकीच्यांचे आभार मानता येतात. गाईडशी हे बोलणं टेबलं तयार झाली की लगेच करा. मसुदा पूर्ण झाल्यावर कुणाचं नाव काढणं फार जड जातं.

जर्नल निवडताना ‘आठवड्यात छापून देतो, फी भरा’ अशा मेलना उत्तरच देऊ नका. तुमच्या संदर्भयादीत जी जर्नल्स पुन्हा पुन्हा येतात, त्यांतलं एक घ्या. त्यांच्या लेखकांसाठीच्या सूचना प्रिंट काढून ओळ न ओळ वाचा, कारण शब्दमर्यादा मोडली तर पेपर रिव्ह्यूला न जाताच परत येतो. एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचं. नकार आला तरी रिव्ह्यूअरने काढलेल्या चुका दुरुस्त करूनच पुढच्या जर्नलकडे जा. विषय ठरावीक असला की तोच रिव्ह्यूअर पुन्हा भेटू शकतो.