स्कीइंगला गेल्यावर दुपारी बिअर घेतली आणि मग पडलो, तर प्रवास विमा पैसे देतो का?

तुम्ही चौघं मित्र फेब्रुवारीत ऑस्ट्रियाला स्कीइंगला निघालाय. डोंगरावरच दुपारचं जेवण, जेवणाबरोबर बिअर, आणि मग परत उतारावर. अशात पडून हाड मोडलं तर विमा कंपनी हात वर करेल का, हा तुमचा प्रश्न.

मी कोथरूडमध्ये बसून विमा विकतो. असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, दारूचं नंतर बघू, तुमच्या पॉलिसीत स्कीइंग आहे का? शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे ऑस्ट्रियासह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या व्हिसासाठी, किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय कवच लागतं, म्हणून एजंट तिकिटाबरोबर सगळ्यात स्वस्त पॉलिसी काढून देतो. व्हिसा मिळतो, आपण खूश. त्या पॉलिसीत साहसी किंवा हिवाळी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात, नाहीतर जादा हप्ता भरून घ्यावे लागतात. घेतले तरी आखलेल्या उतारांपुरतेच आहेत का, आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणायचा खर्च त्यात आहे का, ते बघा. आल्प्समध्ये हे बिल हजारो युरोंत जातं. स्कीइंगच नसेल, तर तुम्ही दिवसभर लिंबूपाणी प्यायलात तरी उपयोग नाही.

आता दारू. 'दारू प्यायली की क्लेम गेला' असं कट्ट्यावर सांगतात, ते अर्धंच खरं आहे. सगळं अपवादांच्या पानावरच्या शब्दांवर असतं. एका प्रकारच्या पॉलिसीत लिहिलेलं असतं, 'दारूच्या अंमलाखाली असताना झालेली इजा'. दुसऱ्या प्रकारात, 'दारूमुळे प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे झालेली इजा'. वाचताना एकच वाटतं ना? पहिल्यात तुमची अवस्था मोजली जाते, दुसऱ्यात अपघाताचं कारण. काही परदेशी पॉलिसींत तर रक्तातल्या प्रमाणाचा आकडाच दिलेला असतो.

हा फरक मला माझ्या मेव्हण्याने शिकवला. तोही ऑस्ट्रियालाच गेला होता. जेवताना दोन ग्लास गरम मसालेदार वाइन झाली, तिकडे ग्लूवाइन म्हणतात. तीनच्या सुमाराला उताराच्या कडेला उभं राहून हा हातमोजे नीट करत होता, तर वरून एक बाबा सुसाट आला आणि याला घेऊनच पडला. खांद्याजवळचं हाड, कॉलरबोन, मोडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काही प्यायलात का? आमचा माणूस सदाशिव पेठेतला, खरं बोलायची खोड. दोन ग्लास, म्हणाला. ते कागदावर आलं.

पुण्यात परतल्यावर क्लेम टाकला, आणि सहा आठवड्यांनी पत्र आलं: विमाधारक अपघाताच्या वेळी मद्याच्या अंमलाखाली असल्याने दावा अमान्य. ते पत्र मी चार वेळा वाचलं. मग कागद पसरून बसलो. त्याच केसपेपरवर चार ओळी खाली लिहिलेलं होतं की रुग्ण शुद्धीवर, बोलणं स्पष्ट, चाल नीट. ती ओळ कंपनीत कोणी वाचलीच नव्हती. शिवाय उतारावरच्या बचाव पथकाचा अहवाल मागवला. त्यात धडक मागून बसल्याचं स्वच्छ होतं. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या दहा नियमांत तिसराच नियम आहे की मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही असा मार्ग धरायचा. आमच्या पॉलिसीतले शब्द 'दारूमुळे झालेली' असे होते. उभ्या माणसाला दुसऱ्याने उडवलं, त्यात वाइनचा काय संबंध? अपवाद लागू होतो हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची असते, तेही कंपनीला उलट पाठवलेल्या पत्रात लिहिलं. एकूण पाच महिने गेले, पण डिडक्टिबल, म्हणजे आपण स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, वजा जाता पैसे आले.

तो एकटाच घसरून पडला असता, तर मला हे पत्र लिहायला तोंड नव्हतं.

'टेस्टच झाली नाही तर ते काय सिद्ध करणार?' असं तुमच्यातला एकजण म्हणेलच. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात मोटार विम्याचं एक प्रकरण गेलं होतं. दिल्लीतला 2007 चा अपघात, गाडी पोर्शे. (पुणेकरांनी कान टवकारू नयेत, कल्याणीनगरच्या अपघातातली ती वेगळी.) चालकाच्या श्वासाची किंवा रक्ताची तपासणी नव्हती, तोंडाला वास येत असल्याची नोंद होती. तरी आजूबाजूच्या परिस्थितीवरून अंमल सिद्ध होऊ शकतो असं म्हणत न्यायालयाने विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला. प्रवास विम्याचा निकाल नाही तो, पण दिशा कळते.

आणि 'एकच बिअर' म्हणजे किती? अर्धा लिटरचा मग, 5 टक्के, म्हणजे साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल. आपल्याकडच्या 42.8 टक्केवाल्या व्हिस्कीचा 60 मिलीचा पेगही तेवढाच. म्हणजे एक मग, एक लार्ज. शरीर तासाला ढोबळमानाने 7 ते 10 ग्रॅम जाळतं. एक वाजता दोन मग घेतलेत तर चारच्या आसपास डोंगरावर नेणारी लिफ्ट बंद होईपर्यंत ती दारू अंगातच असणार. वर थंडीत 'गरम वाटतं' म्हणतात, तेही फसवं. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात म्हणून ऊब वाटते, आतून शरीर उष्णता गमावत असतं.

डॉक्टरांपासून लपवायचं का? अजिबात नाही. भूल द्यायची असेल तर त्यांना ते कळायलाच हवं, आणि क्लेमच्या फॉर्मवर खोटं लिहिलंत तर उरलीसुरली बाजूही गेली.

एक गोष्ट लोक विसरतातच. तुमचा पाय मोडला तर तुमचा खर्च. तुम्ही दुसऱ्याला उडवलंत तर त्याची नुकसानभरपाई, आणि ती तुमच्या बिलाच्या कितीतरी पट असू शकते. त्या कवचातही दारूचा अपवाद असतो. एखाद्या दिवशी सीमा ओलांडून इटलीत जाणार असाल, तर तिथे 2022 पासून उतारावर असा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे आणि दारू पिऊन स्कीइंगला दंड आहे.

क्लेम नाकारलाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. पुण्यातच कार्यालय आहे. फी नाही, वकील नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात. नकारानंतर वर्षाच्या आत जा.

बेत बदलून गुलमर्गला गेलात तर गणित वेगळं. तिथे दवाखान्याचा खर्च तुमच्या नेहमीच्या मेडिक्लेममधून मिळू शकतो, कारण साहसी खेळांचा त्यातला प्रमाणित अपवाद व्यावसायिक म्हणून खेळणाऱ्यांसाठी आहे. वैयक्तिक अपघात विम्यात मात्र दारूचा अपवाद शोधून वाचा.

निघायच्या आधी कंपनीला ईमेल करा की स्कीइंग आहे का, आणि दारूच्या अपवादाचे नेमके शब्द काय. ईमेलच करा. फोनवर 'हो सर, सगळं कव्हर्ड आहे' म्हणणारा मुलगा क्लेमच्या वेळी दुसऱ्या नोकरीत असतो. उत्तर आलं की कंपनीचं नाव खोडून ते पान इथे टाका, वाचून सांगतो. आणि बिअर संध्याकाळी, ते जड बूट काढल्यावर घ्या. तेव्हा ती जास्त चांगली लागते, असं मेव्हणा म्हणतो.