यादृच्छिक म्हणजे ‘कसंही’ नव्हे

परभणीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी तिने लातूरच्या गंजगोलाई बाजारात उभं राहून नीटची तयारी करणारी पोरं-पोरी दिसतील तशी थांबवली आणि परीक्षेच्या ताणाची प्रश्नावली भरून घेतली. अहवालात ‘यादृच्छिक नमुना निवड’ (नमुना म्हणजे सगळ्यांऐवजी अभ्यासाला घेतलेली थोडी माणसं) असं लिहिलं, तर सरांनी त्यावर लाल रेघ मारली. ‘यादृच्छिक म्हणजे रँडमच ना? मग मी रँडमच तर घेतले!’

सरांचं बरोबर आहे. बोलण्यातला रँडम म्हणजे उगं आपलं, कुणीही, कसंही. शास्त्रातल्या यादृच्छिकात मात्र निवडणाऱ्याच्या मर्जीला जागाच नसते. तुम्ही कुणाला थांबवलं असेल? बरी वाटणारी, घाईत नसलेली, बहुधा मुलीच. ज्याला ताणाने खोलीबाहेर पडवत नाही, तो तुम्हाला बाजारात भेटणारच नाही; आणि विषय तर ताणाचाच.

या शब्दात ‘इच्छा’ दडलीय असं पुष्कळांना वाटतं, ‘ऐच्छिक’शी कानाला सारखा लागतो म्हणून. पण तसं असतं तर ‘यत्’ आणि ‘इच्छा’ यांची संधी ‘यदिच्छा’ झाली असती. मूळ शब्द ‘यदृच्छा’, त्यात ऋ आहे. अर्थ: आपोआप, योगायोगाने घडणं. गीतेच्या चौथ्या अध्यायातला ‘यदृच्छालाभसंतुष्टः’ म्हणजे न मागता जे वाट्याला येईल त्यात समाधानी असलेला. वर्षाचं वार्षिक होतं तसं यदृच्छेचं यादृच्छिक.

आपल्याकडे याला रोजचा शब्द आहे: सोडत. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा चिठ्ठ्या सारख्या घडीच्या करतात आणि लहान पोराला उचलायला लावतात. कुणाचा हात, कुणाचा कल मध्ये येऊ नये म्हणून एवढा खटाटोप. नमुना निवडीतही तेच. आधी क्लासच्या सगळ्या विद्यार्थ्यांची यादी हवी, मग प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी, मग उचल. यादीच नसेल तर सोडत कशातून काढणार? (नमुन्याला हिंदी पुस्तकांत ‘प्रतिदर्श’ म्हणतात. आपला ‘नमुना’च बरा, जरी एखाद्या पोराला ‘काय नमुना आहे!’ म्हणायची सोय त्यातच असली.)

आणखी एक गल्लत नेहमीची. यादृच्छिक निवड आणि यादृच्छिक विभागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवड म्हणजे अभ्यासात कोण येणार. विभागणी म्हणजे आलेल्यांपैकी कोण कोणत्या गटात जाणार. समजा, श्वसनाच्या व्यायामाने ताण कमी होतो का हे पाहायचंय. पुढच्या बाकांवरच्यांना व्यायाम दिला आणि मागच्यांना दिला नाही, तर फरक व्यायामाचा की बाकाचा, हे कळणार नाही. तिथे प्रत्येकासाठी नाणं उडवा. निवडीमुळे निष्कर्ष बाहेरच्यांना लावता येतो, विभागणीमुळे कारण नक्की करता येतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅमचा 1963 साली छापलेला आज्ञापालनाचा प्रयोग घ्या. त्यातले 40 पुरुष वर्तमानपत्रातली जाहिरात आणि टपालाने आलेली विनंती वाचून स्वतःहून आले होते. निवड यादृच्छिक नव्हती. गंमत पुढे आहे. विजेचे झटके देणारा ‘शिक्षक’ कोण आणि ते खाणारा ‘विद्यार्थी’ कोण हे चिठ्ठी काढून ठरतंय असं त्यांना दाखवलं, पण दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘शिक्षक’च लिहिलेलं होतं. विद्यार्थी व्हायचा तो माणूस प्रयोगकर्त्याचाच! दिसायला सोडत, आतून ठरलेलं. तरी तो प्रयोग आजही शिकवतात, आणि नमुना कसा जमवला हे मिलग्रॅमने लपवलं नाही.

म्हणून प्रश्नावल्या फेकू नका, ताई. वाक्य तेवढं बदला: ‘गंजगोलाई परिसरात उपलब्ध असलेल्या विद्यार्थ्यांचा सोयीचा नमुना घेतला.’ आणि मर्यादांच्या भागात लिहा की खोलीतून बाहेर न पडणारे विद्यार्थी यात आले नसण्याची शक्यता आहे. परीक्षेत मात्र ‘सोडत’ लिहू नका, तिथे ‘यादृच्छिक’च चालतं, ऋ तेवढा सांभाळा.