गच्चीवर बाहेरचा अँटेना लावला, तर स्कॅनरला आधीपेक्षा कमी ऐकू येतं. असं का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात मनीषनगरात दुमजली घर, गच्चीवर दहा फुटी पाइपावर डिस्कोन अँटेना (थाळी आणि शंकूच्या आकारात काड्या असलेला, सगळे बँड पकडणारा), तिथून खालच्या खोलीपर्यंत २५ मीटर आरजी-५८ ही बारीक अँटेना केबल आणि हातात मावणारा स्कॅनर, म्हणजे निरनिराळ्या फ्रिक्वेन्सी चाळून ऐकवणारा रेडिओ. ऐकायचे आहेत दोन मीटर बँडवरचे (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचे) हॅम, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून वायरलेसवर बोलणारे, आणि अंतराळ स्थानकाचं १४५.८०० मेगाहर्ट्झ. पण खोलीत बसून स्कॅनरसोबतच्या रबरी अँटेनावर जेवढं यायचं, तेवढंही आता येत नाही. उलट १२२ मेगाहर्ट्झपाशी फाटक्या आवाजात गाणी लागतात. कुणी सांगतं अँटेना बदला, कुणी सांगतं बूस्टर लावा.

आत्ता तरी यातलं काहीच करू नका. गाण्यांचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला निम्मं निदान तिथेच दिसतं. मी नागपूरचाच, हॅमचा परवाना आहे, आणि माझ्या गच्चीवर हाच त्रास जून ते दिवाळी असा काढलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नागपूरचं विविध भारती १००.६ वर लागतं. १२२.० मधून १००.६ वजा करा, २१.४ उरतात. रेडिओवाल्यांना हा आकडा पाठ असतो, कारण तो १०.७ ची दुप्पट आहे. बऱ्याच साध्या रिसीव्हरांत आलेला सिग्नल आधी १०.७ मेगाहर्ट्झवर उतरवून घेतात. त्यासाठी सेट आतल्या आत स्वतःची एक लहर तयार करतो. १२२.० ऐकायचं असेल तर ही लहर १११.३ ला असते. पण १११.३ पासून १०.७ वर १२२.० आहे, तसंच १०.७ खाली १००.६ आहे. सेटच्या तोंडावरच्या फिल्टरने खालचा सिग्नल अडवला नाही, तर दोन्ही एकाच दारातून आत शिरतात. याला इमेज म्हणतात. १२२ विमानांच्या बँडमध्ये येतं, तो बँड एएमचा आणि गाणं एफएमचं, म्हणून आवाज फाटलेला येतो. खात्री करायची असेल तर ११९.७ लावून बघा. तिथे ९८.३ वरचं मिरची ऐकू आलं, तर शंकेला जागाच उरत नाही.

रबरी अँटेनावर हे जाणवलं नाही, कारण घराच्या भिंतींनी आणि त्या तोकड्या दांड्याने एफएमचा जोर आधीच मोडला होता. गच्चीवर मात्र शहरातली सगळी एफएम केंद्रं डिस्कोनला उघडी दिसतात. डिस्कोन हा निवड करणारा अँटेना नाही, येईल ते सगळं तो खाली पाठवतो, आणि त्याला वेगळा असा गेनही, म्हणजे एका दिशेचा सिग्नल वाढवून घेण्याची ताकद, नसतो. स्कॅनरच्या पहिल्या ट्रान्झिस्टरवर एफएमचा एवढा दाब पडला की तो गुदमरतो. मग कमकुवत हॅम ऐकूच येत नाही, आणि आपल्याला वाटतं अँटेना काम करत नाही.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. स्कॅनरवर एटीटी लिहिलेलं बटण किंवा मेन्यू असेल, तो अटेन्युएटर. तो चालू करा. सिग्नल कमी केल्यावर हॅमचा आवाज जर साफ झाला, तर तुमच्याकडे सिग्नल कमी नाही, जास्त आहे. यात एक बारीक गोष्ट आहे. दोन जोरदार केंद्रं सेटच्या आत एकमेकांत मिसळून जी तिसरी खोटी केंद्रं तयार होतात, ती अटेन्युएटरने झपाट्याने पडतात. १० डेसिबल (सिग्नलच्या जोराचं माप, १० ने कमी म्हणजे दहावा हिस्सा) कमी केले तर खरा सिग्नल १० ने उतरतो आणि ही भेसळ ३० ने. इमेज मात्र खऱ्या सिग्नलइतकीच उतरते. म्हणून एटीटी लावल्यावर बाकीचा गोंधळ शमला पण १२२ वरचं गाणं टिकून राहिलं, तर गोंधळून जाऊ नका. दोन्हींवर इलाज एकच, ८८ ते १०८ अडवणारा एफएम नॉच फिल्टर. काडेपेटीएवढी डबी असते, ऑनलाइन मिळते, केबल आणि स्कॅनर यांच्या मध्ये बसते. या प्रश्नावर एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर मी हीच घेईन.

बूस्टरचं सांगणाऱ्यांचं मन चांगलं असेल, पण खोलीत स्कॅनरपाशी लावलेला बूस्टर केबलमध्ये जे हरवलं ते परत आणू शकत नाही. तो एफएमही वाढवतो आणि केबलमधून आलेला कचराही. बूस्टरची जागा वर, अँटेनाच्या बुडाशी असते. शहरात तर तिथेही आधी फिल्टर आणि मग बूस्टर.

आता केबल. यासाठी एक संध्याकाळ काढा. स्कॅनर घेऊन गच्चीवर जा आणि मीटरभर केबलच्या तुकड्याने थेट डिस्कोनला जोडा. एखाद्या हॅम मित्राला आधीच सांगून ठेवा की ठरल्या वेळी कामठीहून किंवा हिंगण्याहून दहा मिनिटं कमी पॉवरवर बोल. कारण तुलना करायला तोच सिग्नल, त्याच जागेवरून हवा. येणारे-जाणारे आवाज ऐकून मन फसतं. वर चांगलं आणि खाली खराब आलं, तर दोष केबलचा किंवा तिच्या टोकांचा. वरही खराब आलं, तर पुन्हा फिल्टरकडे या.

आरजी-५८ वर मी आधीच अविश्वास दाखवतो. २५ मीटरमध्ये १४५ मेगाहर्ट्झला साधारण ५ डेसिबल जातात, म्हणजे वर पकडलेल्या शक्तीचा तिसरा हिस्सा खाली पोचतो. हॅमच्याच वरच्या ४३५ च्या बँडला तर ९-१० डेसिबल जातात, दहावा हिस्सा उरतो. त्याऐवजी डिश टीव्हीची आरजी-६ घ्या. तेवढ्याच लांबीत १४५ ला तिचे २ डेसिबलच्या आसपास जातात, आणि ती बर्डीच्या बाजारात कुठल्याही केबलवाल्याकडे मिळते. ती ७५ ओहमची आहे आणि स्कॅनर ५० चा, म्हणून लोक घाबरतात. ऐकण्यापुरता त्या फरकाचा तोटा ०.२ डेसिबलच्या आत आहे, तो कानाला कळतही नाही. फक्त एफ कनेक्टर (डिश टीव्हीच्या केबलला असतो तो) लावताना मधली तार तोंडाच्या दोन मिलिमीटर बाहेर येऊ द्या. तीच तार पिनचं काम करते, आखूड राहिली तर पुढे टेकतच नाही. सीसीटीव्हीवाले वापरतात तो स्क्रूने आवळायचा बीएनसी (फिरवून अडकवायचा कनेक्टर) टाळा. दाबून बसवलेला किंवा झाळलेला घ्या.

मल्टिमीटर असेल तर केबलची दोन्ही टोकं सोडवा. मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी यांच्यात मीटरने जोड दाखवायला नको. मग वरच्या टोकाला दोन्ही जोडून खाली मोजा, आरजी-५८ ला एक-दीड ओहम यावा. मोजताना कनेक्टर हलवत राहा. आकडा नाचला तर तोच गुन्हेगार. काही अँटेनांत, उदाहरणार्थ फोल्डेड डायपोलमध्ये (लांबट कड्यासारखा अँटेना), दोन्ही टोकं मुळातच जोडलेली असतात. त्यामुळे केबल अँटेनाला लावून मोजलेल्या शॉर्टवर लगेच विश्वास ठेवू नका.

माझे ते महिने ज्यात गेले ते हे. मे महिन्यात अँटेना बसवला, उत्तम चालला. जूनच्या मध्यात पाऊस लागला आणि आठ-दहा दिवसांत आवाज बसत गेला. मी स्कॅनरची सेटिंगं बदलली, दुकानदाराच्या सांगण्यावरून तयार बूस्टर लावला, अँटेना दोन फूट वर चढवला. शेवटी दिवाळीत वरचा कनेक्टर उघडला, तर पाणी निघालं. जाळी हातभर काळी पडली होती. पाणी जाळीच्या विणीतून वात तेल ओढते तसं खाली सरकतं. अशी केबल उन्हात वाळवून कामाची होत नाही, ती टाकूनच द्यावी लागते. अँटेनाच्या बुडाशी लागतो तो पीएल-२५९ कनेक्टर पाणी अडवत नाही. त्याच्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, आणि वरून साधी काळी टेप, कारण आपल्याकडच्या उन्हात नुसती रबरी टेप तडकते. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. संक्रांतीनंतर एकदा वर जाऊन डिस्कोनच्या काड्यांत अडकलेला मांजाही काढा. ओढाताणीत काड्या वाकतात आणि आट्या ढिल्या होतात.

घरातल्या गोंगाटाची चाचणी सोपी आहे. स्कॅनर बॅटरीवर चालवा, मेन स्विच बंद करा. खरखर गेली तर एकेक एमसीबी चढवत जा. सगळे कूलरवर संशय घेतात, पण जुन्या कूलरच्या मोटरला ब्रश नसतात, ती फारशी दोषी निघत नाही. माझ्याकडे सापडले ते दोन एलईडी बल्ब आणि कॅमेऱ्याचा अॅडॉप्टर. अँटेनाची केबल कॅमेऱ्याच्या वायरीसोबत बांधली असेल तर आधी ती वेगळी करा.

आणि तुमची आवड खरोखर १४५ चीच असेल, तर डिस्कोन उतरवून ग्राउंड प्लेन अँटेना बनवा. एक एसओ-२३९ सॉकेट (पीएल-२५९ ज्यात बसतो ते), पितळेच्या पाच काड्या, प्रत्येक ४९ सेंटिमीटर. एक उभी, चार कोपऱ्यांना ४५ अंशांत खाली झुकलेल्या. एफएमकडे तो डिस्कोनपेक्षा कमी लक्ष देतो, आणि स्वतः बनवलेल्या अँटेनावर पहिला आवाज ऐकण्याचा आनंद वेगळाच असतो. अंतराळ स्थानक बरोबर डोक्यावर आलं की आवाज थोडा खचेल. उभा अँटेना सरळ वर पाहत नाही, तो बिघाड नव्हे. तिकडून बोलणं रोज नसतं, त्यामुळे एका फेरीत काही आलं नाही म्हणून लगेच पाना घेऊन वर चढू नका. स्कॅनरला बाकीचे बँडही दिसतील, पण पोलिसांचं किंवा इतर कुणाचं आपल्यासाठी नसलेलं बोलणं ऐकत बसणं कायद्यात बसत नाही, तिथे थांबू नका.

पाइपाला जाड तांब्याच्या तारेने अर्थिंग द्या. मे-जूनच्या वादळात ढग गडगडायला लागले की केबल स्कॅनरपासून सोडवून तिचं टोक खिडकीबाहेर ठेवा. सोडवायचं काम ढग डोक्यावर यायच्या आत करा. वीज चमकायला लागल्यावर त्या कनेक्टरला हात लावू नका.